देव चांगला, मग दुःख कुठून? एका वादाची पार्श्वभूमी

देवाला दुःख थांबवता येतं पण थांबवायचं नाही, की थांबवायचं आहे पण जमत नाही? हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो. गंमत म्हणजे तो आपल्यापर्यंत पोचवला एका ख्रिस्ती लेखकाने. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लॅक्टँशियसने तो खोडून काढण्यासाठी मांडला. त्याचं उत्तर आज फारसं कुणाला आठवत नाही, प्रश्न मात्र टिकला.

बायबलला हा प्रश्न नवा नव्हताच. त्यातल्या ईयोब या नीतिमान माणसाची गुरंढोरं, मुलं, तब्येत सगळं जातं. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. मग बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं: तुझ्याच हातून पाप घडलं असणार! देव ईयोबालाही खडसावतो, पण त्याचा राग पेटतो तो या मित्रांवर. त्यांचे वारस पुढेही पुष्कळ निघाले.

ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन (354–430) तरुणपणी नऊएक वर्षं मानी पंथात होता. तिथे उत्तर तयार होतं: प्रकाश आणि अंधार, दोघांची झुंज. तो पंथ सोडल्यावर एकाच चांगल्या देवाच्या सृष्टीत वाईट आलं कुठून, हे सांगणं भाग पडलं. त्याने म्हटलं, वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, ते चांगल्याचं उणेपण आहे. आजार म्हणजे आरोग्य नसणं, तसं. ते शिरलं स्वेच्छेच्या गैरवापरातून. पश्चिमेकडच्या चर्चने शतकानुशतकं याच पायावर बांधकाम केलं. 1710 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने देव आणि वाईट यांचा मेळ घालण्याच्या या खटाटोपाला 'थिऑडिसी' हे नाव दिलं आणि शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच उत्तम, असा निष्कर्ष काढला.

1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधली चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या लावलेल्या. जमीन हादरली, छपरं भाविकांवर कोसळली. वाचलेले मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर तिथे समुद्र चालून आला. मग आगी लागल्या, त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने कविता लिहून लायब्निझच्या 'उत्तम जगा'ची पार रेवडी उडवली. उलट मालाग्रिदा या जेझुइट (एक कॅथलिक संघ) धर्मगुरूने हे शहराच्या पापांचं फळ असल्याचं छापून टाकलं. ईयोबाचा चौथा मित्रच म्हणायचा!

तत्त्वज्ञांचा वाद पुढेही चालू राहिला. 1955 मध्ये मॅकीने 'सर्वशक्तिमान, चांगला देव आणि वाईट या दोन्ही गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत' म्हटलं, 1970 च्या दशकात प्लँटिंगाने स्वेच्छेच्या आधारे ते खोडलं. पण तोवर प्रश्नच सरकला होता. 1943 मध्ये हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात सतरा वर्षांच्या युर्गन मोल्टमानच्या (पुढे हा धर्मपंडित झाला) शेजारी उभा असलेला मित्र मेला. 'देव असं का होऊ देतो' यापेक्षा 'देव आहे कुठे' हे त्याने विचारलं. पुढे युद्धकैदी असताना हातात बायबल पडलं, त्यात क्रूसावरच्या येशूची हाक होती: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? देव दुःखाबाहेर उभा नाही, त्यात आहे, ही त्याची मांडणी 1972 मध्ये पुस्तकरूपाने आली.

कार्ल रानर या कॅथलिक धर्मपंडिताला मात्र ती पटली नाही. देवही माझ्याच चिखलात रुतला असेल, तर मला बाहेर काढणार कोण, असा त्याचा आक्षेप होता.