एका प्रमाण विचलनात 68 टक्के? नेहमीच नाही

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: कुठलेही आकडे घ्या, 68 टक्के सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत, ते सांगणारं माप) आतच सापडतात.

हे खरं आहे, पण प्रसामान्य वितरणापुरतं. म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख असेल तरच. पुस्तकांत बहुतेक तोच आलेख छापलेला असतो, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.

पडताळा कागदावर घेता येतो. समजा, राजवाड्याजवळ पोह्यांसाठी दहा दिवस थांबावं लागलं ते असं: चार दिवस पहाटे 2 मिनिटं, चार दिवस ऐन गर्दीत 12, दोन दिवस 7. सरासरी 7. आठ दिवसांचा फरक 5, त्याचा वर्ग 25, बेरीज 200. दहाने भागून 20, वर्गमूळ 4.47; हेच प्रमाण विचलन. म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका विचलनाचा पट्टा 2.53 ते 11.47. त्यात बसले फक्त दोन दिवस, 20 टक्के! (काही जण दहाऐवजी एकने कमी, म्हणजे 9 ने भागतात; तरी टक्के तेवढेच.)

उलट, नऊ दिवस 2 मिनिटं आणि एका रविवारी 32 लागली, तर सरासरी 5, विचलन 9. पट्ट्यात 90 टक्के दिवस येतात. पट्टा सुरू होतो मात्र उणे 4 मिनिटांपासून! असं दिसलं की आकडे एकीकडे कलले आहेत असं समजावं आणि मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) व चतुर्थकं (त्यांचे चार समान भाग करणारे आकडे) काढावीत.

कोणत्याही आकड्यांना लागू पडणारी हमी वेगळी आहे: दोन विचलनांत किमान 75 टक्के, तिनांत किमान 88.9. एका विचलनासाठी अशी हमीच नाही.