अंडरव्होल्ट वेगळं, पॉवर लिमिट वेगळी, आणि तुमचं टेम्परेचर काहून उतरलं नाही

गेमिंग लॅपटॉप घेतल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत माणूस दोनच कामं करतो, येईल त्याला कीबोर्डचे रंगीत लाइट दाखवतो आणि टेम्परेचरचा आकडा बघून घाबरतो. मग कुठून तरी सल्ला मिळतो, "अंडरव्होल्ट कर", की हा थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतो, त्यातल्या एफआयव्हीआर या व्होल्टेजच्या खिडकीत जाऊन ऑफसेट (व्होल्टेज किती कमी करायचं तो आकडा) खाली ओढतो, तिथेच आहोत तर टीपीएल या पॉवर लिमिटच्या खिडकीत जाऊन पीएल१ पण ४५ वॅटचा ३० करून टाकतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सांगत सुटतो की अंडरव्होल्ट केलं तर टेम्परेचर उतरतं पण एफपीएस (गेमचे दर सेकंदाचे फ्रेम) जातात. अरे बाबा, एफपीएस गेले ते दुसऱ्या खिडकीमुळे! अंडरव्होल्टनं एफपीएस जात नाहीत. पण हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता एकदाच लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी सरळ हेच पाठवतो.

अंडरव्होल्ट काय ते बहुतेकांना माहीत असतं म्हणून पटकन सांगतो. चिपला, म्हणजे प्रोसेसरला, एखाद्या क्लॉकवर (वेगावर) पळायला जेवढं व्होल्टेज लागतं त्यापेक्षा कंपनी थोडं जास्तच देते, कारण लाखो चिपा निघतात आणि त्यातली सगळ्यात रडी चिपसुद्धा चालली पाहिजे. तुमची चिप रडी नसेल तर ते वरचं व्होल्टेज फुकट उष्णता करतं, ते काढून टाकायचं. क्लॉक तोच, व्होल्टेज कमी. पॉवर लिमिट म्हणजे चिपला सांगायचं की बाई तू एवढ्या वॅटच्या वर जायचं नाही, मग त्यात बसेल तेवढा क्लॉक ती स्वतः ठरवते. इंटेलमध्ये पीएल१ ही कायमची मर्यादा, पीएल२ ही थोड्या वेळाची उडी, आणि ती उडी किती वेळ ते टाऊ ठरवतं, बऱ्याच लॅपटॉपवर ते २८ सेकंद असतं.

टूल कोणतं, सेटिंग कुठे सेव्ह होतं, वॉरंटीचं काय, या फरकांत मला रस नाही. दोन्ही सॉफ्टवेअरमधून होतात, रीस्टार्ट केलं की दोन्ही पुसली जातात, आणि लॅपटॉप दोन्हींनी जळत नाही. व्होल्टेज कमी केल्यावर चिप कशी जळेल हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेलं नाही, पण "जळेल हं" म्हणणारा एक तरी काका निघतोच.

आता खरी गोम. माझा मावसभाऊ अकोल्याला असतो, त्याचा मागच्या उन्हाळ्यात फोन आला, "दादा, मायनस शंभर मिलिव्होल्ट केलं, टेम्परेचर एक डिग्री पण हललं नाही, तुझं अंडरव्होल्ट फेल आहे." मी विचारलं, क्लॉक किती होता आधी आणि आता किती आहे? तर म्हणे, क्लॉक कोण बघतं! घ्या. इथेच सगळे घसरतात, आणि याला कारण हेच की अंडरव्होल्ट म्हणजे टेम्परेचर कमी करायचं बटण अशी समजूत पक्की बसलीय.

गाडीवरून बघा. अंडरव्होल्ट म्हणजे गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवणं. पॉवर लिमिट म्हणजे बाबांनी सांगणं की रोज शंभराच्या वर पेट्रोल भरायचं नाही. आता तुमची गाडी चाळीसचं अ‍ॅव्हरेज द्यायची ती पन्नासचं द्यायला लागली आणि तुम्ही आधीही रोज शंभर उडवत होतात आणि आताही उडवता, तर खिशातून किती गेले? शंभरच. फक्त फिरणं जास्त झालं. लॅपटॉपच्या चिपचं अगदी हेच होतं, कारण ही चिप हावरी असते, मोकळी जागा दिसली की क्लॉक वाढवून ती भरून टाकते. वॅट म्हणजे पेट्रोलचे पैसे, आणि उष्णता वॅटवर ठरते. वॅट तेवढेच राहिले तर टेम्परेचर तेवढंच राहणार, त्यात चमत्कार काय!

माझ्या जुन्या ९७५०एच वर सांगतो, २०१९ चं सहा कोरचं इंटेल, कागदावर ४५ वॅट, सगळे कोर पळतात तेव्हा जास्तीत जास्त ४.० गिगाहर्ट्झ. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसर पिळून स्कोअर देणारी टेस्ट दहा मिनिटं लावली की सुरुवातीची उडी संपल्यावर हा ४५ वॅटवर येऊन बसायचा आणि क्लॉक साधारण ३.१ वर घुटमळायचा. मायनस १२५ मिलिव्होल्ट दिल्यावर वॅट ४५ चे ४५, टेम्परेचर दोन्ही वेळा जवळजवळ सारखं, आणि क्लॉक ३.४ च्या आसपास. म्हणजे फायदा झाला, पण तो स्कोअरमध्ये झाला, थर्मामीटरमध्ये नाही. जो फक्त टेम्परेचरचा कोपरा बघत बसला त्याला वाटणार काहीच झालं नाही.

ही झाली पहिली अवस्था, चिप वॅटच्या मर्यादेला लागलेली. दुसरी अवस्था अशी की वॅटची मर्यादा लांब आहे पण चिप उष्णतेच्या भिंतीवर आदळलीय, इंटेलच्या बऱ्याच एच चिपांत (गेमिंग लॅपटॉपवाल्या) ती १०० डिग्रीला असते, काही लॅपटॉपवर थोडी अलीकडेच. अंडरव्होल्टच्या आधी ९७ आणि नंतरही ९७. चिप ९७ ला थांबत होती कारण भिंत तिथे होती, आता कमी व्होल्टेजमुळे थोडे जास्त मेगाहर्ट्झ घेऊन त्याच भिंतीला टेकली. मावसभावाचं नेमकं हेच होतं.

टेम्परेचर खरंच उतरतं ते तिसऱ्या अवस्थेत, जेव्हा चिप कुठल्याच मर्यादेला लागलेली नसते, क्लॉक आधीच वरच्या टोकाला आहे आणि वाढायला जागाच नाही. हलका गेम, फ्रेम रेट ६० ला बांधलेला, ब्राउझर, असलं काही. तिथे वाचलेले वॅट चिपला उधळता येत नाहीत म्हणून ते खरेच वाचतात. किती वाचतात याचा अंदाज पण घेऊ, वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १.१० व्होल्टचं १.०० व्होल्ट केलं तर त्याच क्लॉकवर सुमारे १७ टक्के कमी, ४५ वॅटचं काम ३७ मध्ये. व्होल्टेजचे आकडे दिसायला एवढेसे असतात पण वर्ग असल्यामुळे जोरात लागतात.

तुम्ही कोणत्या अवस्थेत आहात हे डोळे मिटून ओळखायची गरज नाही. थ्रॉटलस्टॉपमध्ये लिमिट्स नावाचं बटण आहे, गेम चालू असताना ते उघडून ठेवा, लाल चौकोनात थर्मल दिसलं तर भिंत उष्णतेची आहे, पीएल१ किंवा पीएल२ दिसलं तर वॅटची. इतकं सोपं असताना लोक चार हजारांचं कूलिंग पॅड आधी घेतात आणि हे बटण नंतर बघतात. आणि कृपा करून तिथलं बीडी प्रोचॉट दिसलं म्हणून त्याची टिक काढू नका. तो सिग्नल प्रोसेसरच्या बाहेरून येतो, लॅपटॉपमधला दुसरा कोणीतरी भाग ओरडतोय की मला सोसत नाही, आणि तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबताय.

मग टेम्परेचरच कमी करायचं असेल तर? दोन्ही करा, पण क्रम सांभाळा. आधी अंडरव्होल्ट स्थिर करून घ्या, म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढलं. मग पीएल१ खाली आणा, म्हणजे रोजचं पेट्रोल शंभराचं ऐंशी. फिरणं आधीइतकंच राहतं आणि वीस रुपये वाचतात. माझं कायमचं सेटिंग हेच आहे, आणि नुसती पॉवर लिमिट कमी करून "अंडरव्होल्ट केलं" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी की ते अ‍ॅव्हरेज न वाढवता फक्त पेट्रोल कमी करतात आणि मग गाडी पोचत नाही म्हणून अंडरव्होल्टला शिव्या घालतात.

तरी पॉवर लिमिट वाईट असं मी म्हणत नाही, उलट गेमिंगमध्ये ती फार कामाची आहे आणि तिला उगीच बदनाम केलंय. बहुतेक लॅपटॉपमध्ये सीपीयू (हीच आपली चिप) आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) यांचे उष्णता वाहून नेणारे हीट पाइप एकमेकांत गुंतलेले असतात, एकाची उष्णता दुसऱ्याच्या मुंडक्यावर. मोठ्या ग्राफिक्सच्या गेममध्ये अडतं ते जीपीयूपाशी, सीपीयू ४५ ऐवजी ३५ वॅटवर चालला तरी बऱ्याच गेममध्ये एक फ्रेमचा फरक पडत नाही, आणि जीपीयूला श्वास घ्यायला जागा मिळते. आणि लिमिट खाली आणणं जवळजवळ नेहमी जमतं, कारण प्रोसेसरमध्ये लिमिट एकापेक्षा जास्त ठिकाणी लिहिलेली असते आणि त्यातली सगळ्यात लहान जिंकते. वर न्यायला गेलात तर लॅपटॉप कंपनीची मर्यादा आडवी येते.

विंडोजमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करायचा जो उपाय प्रत्येक व्हिडिओत सांगतात तो तर या दोन्हीत बसत नाही. त्यानं टर्बो, म्हणजे मूळ क्लॉकच्या वर जाणंच, बंद होतो, १२७००एच सारखी ४.७ पर्यंत जाणारी चिप २.३ च्या आसपास येऊन बसते. टेम्परेचर उतरतं हे खरं, गाडी स्टँडवर लावली तरी पेट्रोल वाचतंच की.

स्थिरतेत मात्र मोठा फरक आहे. पॉवर लिमिट कितीही कमी केली तरी लॅपटॉप हँग होणार नाही, फक्त रडतखडत चालेल. अंडरव्होल्ट जास्त ओढलं तर निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळलं. आणि तो सिनेबेंचमध्ये येईलच असं नाही, माझं दोन तास स्ट्रेस टेस्टमध्ये ठणठणीत चाललं आणि नंतर यूट्यूबवर भजन लावल्यावर गोठलं, कारण ऑफसेट सगळ्या क्लॉकना लागतो आणि रिकामा बसलेला प्रोसेसर आधीच कमी व्होल्टेजवर असतो, त्यातून आणखी काढलं की कोसळतो. त्यावर कहर म्हणजे मी तेच सेटिंग विंडोज सुरू होताना आपोआप लागेल असं करून ठेवलं होतं, मग सुरू व्हायचा, लागू व्हायचं, मरायचा, पुन्हा सुरू. शेवटी सेफ मोडमध्ये जाऊन टास्क शेड्युलरमधलं काढलं. तेव्हापासून नियम, आठवडाभर हातानं चालवून बघायचं, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया नावाची हार्डवेअरची एरर येते का बघायचं, मगच ऑटो. पाच-पाच मिलिव्होल्टनं खाली जा, हिरोगिरी नको.

जीपीयूकडे आलं की हाच गोंधळ वेगळा मुखवटा लावून येतो. आफ्टरबर्नर या जीपीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल एफ दाबून कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक याचा जो कर्व्ह दिसतो त्यात लोक ८०० मिलिव्होल्टचा ठिपका शोधतात आणि त्याच्या पुढचं सगळं सपाट करतात, झालं म्हणे अंडरव्होल्ट. नाही झालं! मूळ कर्व्हवर ८०० ला समजा १५०० मेगाहर्ट्झ असतील तर तुम्ही फक्त जीपीयूला १५०० वर डांबून ठेवलं, त्याच व्होल्टेजला तो आधीही १५०० च देत होता. हे साधं अंडरक्लॉक. आधी तो ८०० चा ठिपका वर उचलून १७०० ला न्यायचा, आणि मग पुढचं सपाट करायचं. तो उचलणं हाच अंडरव्होल्टचा भाग आहे, सपाट करणं ही लिमिट. दोन्ही एकाच माउसनं एकाच चित्रात होतात म्हणून लोकांना एकच वाटतं. लॅपटॉपवर आफ्टरबर्नरची पॉवर लिमिटची पट्टी सहसा फिक्कट आणि बंद असते, त्यामुळे हा सपाट भाग हीच तुमची घरगुती लिमिट समजा.

नागपुरात राहणाऱ्याला हे जरा जास्तच कळतं. डिसेंबरात खोली २० ला असते, मे महिन्यात कूलर लावूनही ३५ च्या खाली येत नाही, आणि खोली १५ डिग्री चढली की त्याच वॅटवर चिप पण जवळपास तेवढीच चढते. थ्रॉटलस्टॉपमध्ये चार प्रोफाइल ठेवता येतात, माझ्या दोघांची नावं हिवाळा आणि उन्हाळा आहेत. अंडरव्होल्ट दोन्हीत तेच, फक्त पीएल१ वेगळा. थंड देशातला माणूस मायनस शंभर करून ७५ डिग्रीचा स्क्रीनशॉट टाकतो तो बघून जीव जाळू नका, त्याची खोली बघा.

आता ज्यांना एफआयव्हीआरच्या खिडकीत लॉक्ड दिसतं त्यांच्यासाठी. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची भेद्यता जाहीर झाली, सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज खाली खेचून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येतात हे संशोधकांनी दाखवलं, आणि त्यानंतर कंपन्यांनी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून व्होल्टेजचा दरवाजाच बंद केला. माझ्याही लॅपटॉपवर एका सकाळी न विचारता अपडेट बसलं आणि ऑफसेट शून्य, नशिबानं जुनं बायोस परत टाकता आलं, सगळ्यांना येत नाही. पुढच्या पिढ्यांत एचएक्स वाल्या चिपा बऱ्याचदा खुल्या असतात, साध्या एच बहुतेक बंद, आणि शेवटचा शब्द लॅपटॉपच्या बायोसचा. लॉक असेल तर अंडरव्होल्टची वाट सोडा, पीएल१ कमी करा, जीपीयूचा कर्व्ह बहुतेक वेळा खुला असतो तो उचला, आणि त्याला "अंडरव्होल्ट केलं" म्हणायचंच असेल तर फक्त जीपीयूबद्दल म्हणा.

मावसभावाचं पुढे काय झालं ते राहिलं. त्याला पीएल१ ३८ करायला लावला, टेम्परेचर ९७ चं ८४ झालं, गेममध्ये फ्रेम तेवढेच. आता तो मित्रांना सांगतो, अंडरव्होल्टनं तेरा डिग्री उतरलं.