काचेचा तडा रात्रीतून कसा वाढतो?

आमच्या सोसायटीतल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या काकांची व्हॅन जुनी आहे. जूनच्या शेवटी पूर्व द्रुतगती महामार्गावर पुढच्या डंपरमधून उडालेली खडी तिच्या काचेवर आपटली आणि मसुराच्या दाण्याएवढा टवका उडाला. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि गाडी चालवत राहिले. जुलै संपेपर्यंत त्या टवक्यातून निघालेला तडा हातभर लांब झाला होता. मधल्या काळात काचेला दुसरं काहीही लागलं नव्हतं. नजर लागली असं ठरून आरशाखाली लिंबू-मिरची आली.

काकांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. काही न लागताही तडा वाढतो, रात्री उभ्या असलेल्या गाडीतसुद्धा वाढतो. पण त्यामागे नजर नसून पाणी आहे, आणि ते पाणी काचेत काय करतं हे मला पदार्थविज्ञानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

अणूंमधल्या बंधांचा हिशोब केला, तर काच प्रत्यक्षात असते त्याच्या निदान शंभरपट मजबूत असायला हवी. मग ती इतक्या सहज का फुटते? इंग्लंडमध्ये ग्रिफिथ या तरुण इंजिनिअरने १९२० च्या सुमारास याचं उत्तर दिलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात आणि ताण नेमका त्यांच्या टोकाशी एकवटतो. खाऱ्या दाण्यांच्या पुडीला कडेवर खाच दिलेली असते ना? पुडी एरवी दातांनीही फाटत नाही, पण खाचेपासून अलगद उघडते. काचेच्या तड्याचं टोक तर जवळजवळ अणूइतकं टोकदार असतं.

आता त्या टोकाशी जाऊ. काचेचा सांगाडा म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशा साखळ्यांचं जाळं. तड्याच्या टोकावरची साखळी ताणलेली असते, पण तुटलेली नसते. हवेतल्या बाष्पाचा एखादा रेणू फटीतून तिथवर पोचतो आणि त्या ताणलेल्या बंधाशी त्याची रासायनिक क्रिया होते. एका साखळीच्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजन-हायड्रोजन असे दोन सुटे शेंडे उरतात. तडा एका बंधाने पुढे सरकला, ताण पुढच्या साखळीवर गेला, पुढचा रेणू आला. अमेरिकेतल्या वीडरहॉर्न यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, ताण तेवढाच ठेवून हवेतली आर्द्रता वाढवली की तडा कित्येक पटींनी वेगात धावतो असं दिसलं. समजा, वेग सेकंदाला मिलिमीटरचा एक लाखांश भाग इतकाच आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर हे जवळपास ०.९ मिलिमीटर झाले, म्हणजे महिन्याला अडीच सेंटिमीटर. ताण थोडा वाढला तरी हा वेग फार झपाट्याने वाढतो. खड्ड्यात गाडीचा सांगाडा पिळवटतो. उन्हात तापलेल्या काचेवर आतून एसीचा गार झोत बसला, की आतल्या बाजूला आकसायचं असतं आणि बाहेरची गरम बाजू तिला आकसू देत नाही. त्यात मुंबईचा जुलै, म्हणजे बाष्पाचा अखंड पुरवठा.

म्हणून टवका उडाल्या दिवशीच कोरड्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि छोटा टवका रेझिनने भरून घ्यावा. टूथपेस्ट लावून तडा थांबवण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. टूथपेस्ट तड्याच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि तिच्यातच पाणी असतं.

काकांची काच या सगळ्याच्या पलीकडे गेली होती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाडीची उतरवलेली काच निम्म्या पैशांत मिळेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी कळकळीने नको म्हटलं. वापरलेल्या काचेवर वर्षानुवर्षांच्या वाळूचे आणि वायपरचे ओरखडे असतात आणि काढताना कडेचे टवके उडालेले असतात. म्हणजे तड्यांची सुरुवात विकत घेण्यासारखंच आहे.

नवी घेतानाही कोपऱ्यातला शिक्का वाचा. आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा क्रमांक आणि ‘लॅमिनेटेड’ हा शब्द हवाच. लॅमिनेटेड म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा बहुधा ०.७६ मिलिमीटरचा थर. खडीने बाहेरची काच तडकते, आतली शाबूत राहते, आणि दोन्ही फुटल्या तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात. दाराच्या खिडक्यांची टफन काच फुटली की तिचे खडीसाखरेसारखे खडे होतात. पुढच्या काचेच्या जागी ती बसवली आणि फुटली, तर धावत्या गाडीत समोरचं सगळं एका क्षणात पांढरं होईल. ती ओळखायची खूण म्हणजे पोलराइज्ड गॉगलमधून पाहिलं तर टफन काचेवर बहुधा ठिपक्यांची नक्षी दिसते. दुकानात काच हातात आली की तिच्यातून समोरच्या खिडकीची जाळी बघा आणि डोकं हळूहळू हलवा. गज लाटेसारखे वाकले तर ती काच परत करा.

जुन्या व्हॅनमध्ये खरी मेख काचेपेक्षा चौकटीत असते. पुष्कळ जुन्या गाड्यांत काच रबराच्या बीडिंगमध्ये बसते. रबर काचेभोवती चढवतात, त्याच्या खाचेत दोरी फिरवतात, मग एकजण बाहेरून काच दाबतो आणि दुसरा आतून दोरी ओढतो, तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. त्या रबराखाली पाणी साचतं, खारी हवा पत्रा खाते आणि गंजाचा फुगवटा येतो. कोरी करकरीत काच त्या एका उंचवट्यावर टेकली, की तिथे ताण कायमचा बसला. पहिल्या पावसात तडा तिथूनच निघतो आणि दोष मात्र काचेला लागतो.

काकांची जुनी काच उतरवली तेव्हा डाव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर रुंदीचा गंज निघाला. फिटर लगेच नवी बसवायला निघाला होता, त्याला आम्ही थांबवलं. पत्रा घासून घेतला, रेड ऑक्साइड मारलं, रबरही नवं आणलं. पावसामुळे रंग सुकायला दोन दिवस गेले. तेवढे दिवस मुलं रिक्षाने शाळेत गेली.