मूकपटातली माणसं खरंच तुरुतुरु चालायची का?

‘जुन्या मूकपटांत माणसं पळताना दिसतात, कारण तेव्हाचे कॅमेरेच सदोष होते,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. पण दोष कॅमेऱ्याचा नाही. तेव्हा कॅमेरा हातानं हँडल फिरवून चालायचा. हँडलच्या एका फेरीत आठ चौकटी (फितीवरची एकेक चित्रं), सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला साधारण १६ चौकटी. १९००च्या सुमारास इंग्लंडमधल्या खेड्यात, शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये खेळ व्हायचा, तेव्हा प्रोजेक्टरही हातानंच फिरायचा. चालवणारा पडद्यावरची चाल बघून वेग जुळवू शकायचा. हात फार मंदावला की चित्र लुकलुकायचं, म्हणून काही जण जरा जोरात फिरवत, हेही खरं. पुढे बोलपटांसाठी सेकंदाला २४ चौकटी ठरल्या. त्या वेगानं १६ची फीत चालवली की सगळं दीडपट पळतं.

ताडून पाहायचं असेल तर वेग दुरुस्त न केलेली क्लिप ०.७५ वेगानं लावा आणि घोड्याच्या टापा बघा. चाल बरीचशी ताळ्यावर येते.