वनस्पती संप्रेरकं

वनस्पती संप्रेरकं म्हणजे झाडाने स्वतःच्याच अंगात अगदी किंचित प्रमाणात तयार केलेली रसायनं, जी पेशींना कधी वाढायचं, कधी फुटायचं, कधी पिकायचं आणि कधी गप्प बसायचं ते कळवतात. पुस्तकात संप्रेरक लिहितात, बोलताना सगळे हार्मोनच म्हणतात, इथंही दोन्ही चालेल. प्राण्यांसारख्या ग्रंथी झाडाला नसतात, त्यामुळे शेंडा, मूळ, कोवळं पान, बी अशा कुठेही हार्मोन बनतं, कधी तिथंच काम करतं तर कधी पेशीतून पेशीत सरकत किंवा खोडातल्या नळ्यांमधून लांब जातं. एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा, हार्मोन म्हणजे खत नाही. त्यातून पोषण काही मिळत नाही, मिळतो तो फक्त निरोप, आणि त्या निरोपाचा अर्थ काय लावायचा ते ऐकणारी पेशी ठरवते. म्हणून "अमुक हार्मोनचं काम तमुक" असे जे तक्ते परीक्षेसाठी पाठ करतात ते मार्कांपुरते ठीक आहेत, झाड तसं चालत नाही.

या सगळ्याचा शोध लागला तो कोंब वाकण्यावरून. खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकतं हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर हेच तपासलं आणि १८८० मध्ये छापलं: कोंबाच्या टोकावर उजेड अडवणारी टोपी घातली तर कोंब सरळच राहतो, खालचा भाग झाकला तर मात्र वाकतो. म्हणजे उजेड बघतं टोक आणि वाकतो खालचा भाग, मग टोकाकडून खाली काहीतरी जात असणार! ते काहीतरी हाती लागायला जवळपास पन्नास वर्षं गेली. फ्रिट्स वेंट या डच संशोधकाने ओटच्या कोंबांची टोकं कापून ती अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरावर ठेवली, थोड्या वेळाने टोकं काढून टाकली, अगारचे बारीक चौकोनी तुकडे केले आणि बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला असा एक तुकडा ठेवून दिला, तोही अंधारात. उजेड नाही, टोक नाही, तरी कोंब वाकला, आणि तुकडा ज्या बाजूला होता त्याच्या उलट दिशेला वाकला, कारण तुकड्याखालची बाजू जास्त लांबली. शिवाय एका मर्यादेपर्यंत तुकड्यात माल जितका जास्त तितका वाकण्याचा कोन मोठा, त्यामुळे मोजायची सोयही झाली. हे काम १९२६ ते १९२८ मधलं. या पदार्थाला ऑक्झिन नाव पडलं, आणि १९३४ मध्ये त्याचा रेणू, म्हणजे इंडोल ॲसेटिक आम्ल, वेगळा काढला गेला तो झाडातून नाही तर चक्क माणसाच्या लघवीतून.

ऑक्झिन पेशी लांबवतं कसं? पेशीच्या भोवतीची भिंत कडक असते आणि आत पाण्याचा दाब असतो. ऑक्झिन आलं की पेशीच्या पडद्यावरचे पंप आम्ल बाहेर फेकायला लागतात, भिंत आंबट झाली की तिच्यातली प्रथिनं भिंतीचे धागे सैल करतात आणि आतल्या दाबाने पेशी ताणली जाते. उजेड एका बाजूने आला की ऑक्झिन सावलीकडच्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू लांबते, कोंब उजेडाकडे झुकतो. आता कुंडी आडवी पाडून बघा. ऑक्झिन खोडातही खालच्या बाजूला जमतं आणि मुळातही खालच्याच बाजूला, पण खोड वर वळतं आणि मूळ खाली! कारण मूळ ऑक्झिनला फार हळवं असतं, खोडाला जेवढं मानवतं तेवढ्याने मुळाची वाढ अडते, मग मुळाची खालची बाजू मागे पडते, वरची लांबते. रसायन तेच, जमलेलं त्याच बाजूला, परिणाम उलटा. मला विचाराल तर या विषयातलं एकच उदाहरण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. टू-फोर-डी हे तणनाशकही नकली ऑक्झिनच आहे, त्याचा मारा झाला की रुंद पानाची तणं वेडीवाकडी वाढून मरतात, गवतवर्गातली पिकं बरीचशी तगतात.

शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात हे माळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. १९३० च्या दशकात दिसलं की शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलं तर डोळे झोपलेलेच राहतात, म्हणजे शेंडा ऑक्झिन खाली पाठवून बाकीच्यांना दाबून ठेवतो. गोष्ट इथंच संपली असती, पण ऑक्झिन त्या डोळ्यात शिरतच नाही असं पुढे कळलं, ते खोडातूनच जातं आणि बाकीच्या निरोप्यांमार्फत काम करतं, म्हणजे पुढे येणाऱ्या आणखी दोन हार्मोनांमार्फत, सायटोकायनिन डोळ्याला ऊठ म्हणतं तर स्ट्रिगोलॅक्टोन झोप म्हणतं. आणि २०१४ मध्ये वाटाण्यावर दाखवलं गेलं की शेंडा कापल्यावर सगळ्यात आधी डोळ्याला जागं करते ती साखर, शेंड्याकडे जाणारी साखर मोकळी होऊन डोळ्याकडे वळते आणि ऑक्झिन कमी झाल्याची खबर तिथं पोचायच्या आधीच डोळा हलायला लागतो. पाठ्यपुस्तकातला जुना एक ओळीचा नियम खोटा नाही, अर्धा आहे.

सायटोकायनिनचा किस्सा अजून वेगळा. पेशी विभागायला लावणारा पदार्थ शोधताना स्कूग आणि मिलर यांच्या गटाला १९५५ मध्ये कायनेटिन सापडलं ते हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएमधून, तोही उच्च दाबाच्या वाफेत तापवलेला. झाडातलं खरंखुरं सायटोकायनिन, झिएटिन, नंतर मक्याच्या कोवळ्या दाण्यात मिळालं. १९५७ मध्ये याच दोघांनी तंबाखूच्या खोडातला गर बाटलीत वाढवला आणि दाखवलं की ऑक्झिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळं फुटतात, उलट केलं तर कोंब फुटतात, आणि दोन्ही मधल्या प्रमाणात असतील तर नुसता पेशींचा बेढब गोळा वाढतो. आजचं बहुतेक टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं, या प्रमाणावर चालतं.

जिबरेलिन सापडलं ते रोगातून. भाताची काही रोपं एकदम उंच, फिकट आणि किडकिडीत होऊन पडायची. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी तैवानमध्ये दाखवलं की त्यामागच्या बुरशीला ज्या द्रावात वाढवलं तो बुरशी गाळून काढल्यावर नुसता दिला तरी रोपं तशीच ताडमाड होतात. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन म्हटलं, आणि निरोगी झाडं हे स्वतःही बनवतात हे कळायला अजून पुढची काही वर्षं लागली. बार्लीचा दाणा भिजला की गर्भ जिबरेलिन सोडतो, ते दाण्याच्या कडेच्या थराला पोचतं, तो थर अमायलेज हे एन्झाइम बनवून पिठाची साखर करतो आणि त्यावर कोंब जगतो. गर्भ काढून टाकलेला अर्धा दाणा भिजवला तर तसाच पडून राहतो, वरून जिबरेलिन घातलं की गर्भाशिवायच पीठ विरघळायला लागतं.

पण गंमत म्हणजे जिबरेलिन वाढीचा ॲक्सिलरेटर दाबत नाही, ब्रेक काढतं. पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढ रोखून धरतात, जिबरेलिन आपल्या ग्राहकाला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की डेलावर कचऱ्याची खूण लागते आणि पेशी तिला मोडीत काढते. ऑक्झिनचंही तसंच, फक्त ब्रेक वेगळा. या दोघांचे ग्राहक २००५ मध्ये पक्के सापडले. हरितक्रांतीतली बुटकी धान्यं इथंच येतात: नोरिन १० या जपानी गव्हापासून आलेल्या बुटक्या गव्हात डेलाचा असा बदललेला प्रकार आहे की जिबरेलिन येऊनही ब्रेक निघत नाही, तर १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आणलेल्या आयआर ८ भातात जिबरेलिनच कमी बनतं. एकाला निरोप ऐकू येत नाही, दुसऱ्याकडे निरोपच थोडा येतो. दोन्ही आखूड राहतात आणि कणसाच्या ओझ्याने लोळत नाहीत.

इथिलीन हा वायू आहे, हार्मोन म्हणून हेच विचित्र वाटतं. १९०१ मध्ये नेल्युबोव यांना रशियात दिसलं की प्रयोगशाळेतल्या हवेत वाटाण्याचे कोंब बुटके, जाड आणि आडवे वाढतात आणि बाहेरच्या हवेत सरळ, कारण दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. मातीत ढेकूळ आडवं आलं तर कोंबाला हाच जाडपणा कामाला येतो. केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्यात थोडं इथिलीन अजून इथिलीन बनवायला लावतं, म्हणून एक पिकलेलं फळ शेजारच्यांना पिकवतं. द्राक्षं, स्ट्रॉबेरी या वाटेने पिकत नाहीत, तोडली की तेवढीच.

ॲबसिसिक आम्लाच्या नावाचा अर्थ गळण्याशी जोडलेला आहे, पण पानगळीत मोठा वाटा असतो इथिलीनचा, त्यामुळे नाव चुकलंच म्हणायचं. त्याचं खरं काम पाणी सांभाळायचं. पाणी कमी पडलं की हे वाढतं, पानावरच्या बारीक छिद्राच्या, म्हणजे रंध्राच्या, दोन्ही बाजूंच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर जातं, त्यामागे पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि काही मिनिटांत रंध्र मिटतं. बी झाडावरच उगवू नये म्हणूनही हेच लागतं, मक्याच्या ज्या प्रकारांत हे बनत नाही त्यांचे दाणे कणसातच कोंब काढतात.

ब्रासिनोस्टेरॉइड, जास्मोनेट, सॅलिसिलिक आम्ल ही नंतर यादीत आली, पहिलं वाढीसाठी, दुसरं मुख्यतः किडीविरुद्ध, तिसरं रोगाविरुद्ध. फुलं आणणारा निरोप पानातून येतो हे १९३० च्या दशकापासून म्हणत होते, तो एक छोटं प्रथिन आहे हे २००७ मध्ये दिसलं.

स्ट्रिगोलॅक्टोनची ओळख मात्र शत्रूकडून झाली. टारफुला हे परजीवी तण दुसऱ्याच्या मुळावर जगतं, त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ मूळ आल्यावरच उगवतं. १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून पाझरणारा पदार्थ सापडला ज्याने ते उगवतं. पण झाड असा घातकी पदार्थ बाहेर सोडतंच का, याचं उत्तर २००५ मध्ये मिळालं: मुळाला फॉस्फरस मिळवून देणाऱ्या बुरशीला ती हाक असते, फॉस्फरस कमी असेल तेव्हा जास्त सोडली जाते, आणि टारफुला ती चोरून ऐकतो. त्यानंतर तीन वर्षांनी कळलं की तोच रेणू वर खोडात डोळ्यांना झोपवून ठेवतो, म्हणजे जमिनीत फॉस्फरस कमी असेल तर बुरशीला हाक जाते आणि त्याच वेळी फांद्याही कमी फुटतात.