पार्श्वभूमी : पेट्रोलमधला ऊस, चार्जरमधला कोळसा

राज्याच्या २०२५च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कर सुचवला गेला आणि मार्च संपायच्या आत तो मागेही घेतला गेला. यातून महसूल फारसा मिळणार नाही आणि लोकांत चुकीचा संदेश जाईल, असं कारण सभागृहात दिलं गेलं. एप्रिलअखेर २०३०पर्यंतचं नवं ई-वाहन धोरण मंजूर झालं आणि ऑगस्टपासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. चाळीस लाखांच्या गाडीचा टोल इतरांनी का भरावा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याला उत्तर मिळालं ते धुराचं : ही गाडी धूर सोडत नाही. त्यावर प्रत्युत्तरही ठरलेलंच आलं : कोबाल्ट काढणारी काँगोतली मुलं बघा, आणि वीज शेवटी कोळशाचीच ना? हे दोन्ही मुद्दे आले कुठून आणि त्यांच्यात काय गळलं, ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

फार मागे जायची गरज नाही. १९००च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारींपैकी जवळपास तिसरा हिस्सा बॅटरीवर चालत होता. स्वस्त तेल आणि बटणावर सुरू होणारं इंजिन आल्यावर तो बाजार संपला. १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायची युक्ती सापडली. त्याच्या कारखान्यातले कामगार १९२४ मध्ये भ्रमिष्ट होऊन मेले, तरी ते पेट्रोल जगभर जवळजवळ शंभर वर्षं विकलं गेलं. शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात बंद झाला. भारतात शिसं हद्दपार झालं ते २००० मध्ये. म्हणजे ज्यांचं बालपण त्याआधी शहरांत गेलं, त्यांनी पेट्रोलची किंमत श्वासातून भरलेली आहे. ‘बॅटरीत विषारी धातू असतात’ असं म्हणताना हा इतिहास कुणाच्या तोंडी नसतो.

आपल्याकडे पुढची पंचवीस वर्षं धुराचीच होती. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या त्या न्यायालयाच्या रेट्यामुळे. गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेजचे (बीएस) टप्पे आले, २०१७ मध्ये बीएस-३ गाड्यांची विक्री न्यायालयाने एका फटक्यात थांबवली आणि एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्यात इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून (दशलक्ष भागांत ५० भाग) १० वर आणावं लागलं. गंधक काढायला रिफायनरीत जे उत्प्रेरक वापरतात, त्यांत कोबाल्ट असतो. प्रमाण बॅटरीच्या मानाने किरकोळ आहे आणि तो पुन्हा वापरताही येतो, पण पेट्रोलची गाडी कोबाल्टमुक्त आहे हे म्हणणं तेवढं खरं नाही.

धूर मोजायची सवय लागली, तशी धुराच्या अलीकडचं काही मोजायची सवय लागली नाही. माहुलचं उदाहरण घ्या. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबं २०१७नंतर चेंबूरजवळच्या या वसाहतीत पाठवली गेली. बाल्कनीतून समोर रिफायनरीच्या टाक्या दिसतात. तिथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचं हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. लोकांना तिथे राहायला भाग पाडू नका, दुसरीकडे घर द्या किंवा महिना १५ हजार भाडं द्या, असं उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. दक्षिणेला राजापूर तालुक्यात नाणारच्या रिफायनरीची भूसंपादन अधिसूचना त्याच वर्षी रद्द झाली आणि प्रकल्प बारसू-सोलगावच्या सड्यावर सरकला. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाच्या गाड्या अडवायला बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. ज्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत बारसूचीही आहेत. गाडीच्या नळकांड्यातून काय येतं हे सांगणाऱ्या पीयूसीच्या कागदावर माहुल आणि बारसूसाठी रकाना नाही.

पण पेट्रोलच्या बाजूचा सगळ्यात गुंतागुंतीचा आणि सगळ्यात मराठी भाग याहून अलीकडचा आहे. तो म्हणजे इथेनॉल.

आज पंपावर मिळतं ते निव्वळ पेट्रोल नाही. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं, पण दहा वर्षांनंतरही देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होती. २०१८च्या धोरणाने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल काढायला मुभा दिली. मग २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३०वरून २०२५वर ओढलं गेलं. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, २०२५ मध्ये २० टक्के. इतक्या वेगाने देशातलं इंधन क्वचितच बदललं असेल, आणि हा बदल बहुतेक गाडीमालकांना कळला तो मायलेज घसरल्यावरच. २०२१च्या सरकारी आराखड्यात हे लिहून ठेवलेलं होतं : जुन्या धाटणीच्या चारचाकींत सहा ते सात टक्के मायलेज कमी होईल, २० टक्क्यांसाठी बनवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के. २०२५च्या ऑगस्टमध्ये समाजमाध्यमांवर आरडाओरडा झाला, तेव्हा घट नगण्य असल्याचे खुलासे निघाले. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

त्याच आराखड्यात आणखी एक आकडा होता, तो मात्र कुणी फारसा उचलला नाही. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आता साधा हिशेब करू. गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते आणि लिटरला पंधराचं मायलेज देते, असं धरलं तर ६६७ लिटर इंधन लागलं. त्यात २० टक्क्यांनी १३३ लिटर इथेनॉल. हे सगळं उसाचं असेल, तर ३ लाख ८० हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे अडतीस टँकर. एका गाडीचे, एका वर्षाचे. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या भागात उन्हाळ्यात टँकर म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. अर्थात सगळं इथेनॉल उसाचं नसतं. २०२४-२५पर्यंत धान्यापासूनचं, मुख्यतः मक्याचं इथेनॉल उसाच्या पुढे गेलं. पण त्याचाही परिणाम असा की एरवी मका निर्यात करणारा देश आयातदार झाला आणि कोंबड्यांच्या खाद्याचे भाव चढले.

डिसेंबर २०२३चा निर्णय या कहाणीत कळीचा आहे आणि अजूनही त्यावर एकमत नाही. त्या वर्षी पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती होती. ७ डिसेंबरला, म्हणजे गाळप हंगाम जोरात असताना, केंद्राने रस आणि पाक यांपासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती सैल करून साखरेचा १७ लाख टनांपर्यंतचा वापर मोकळा केला आणि पुढच्या हंगामासाठी बंधन उठवलं ते ऑगस्ट २०२४अखेर. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेल्या कारखान्यांनी याला विश्वासघात म्हटलं. ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी म्हटलं की साखर महागली असती. दोघांचंही चुकत नव्हतं. मात्र त्या वादात पाणी नव्हतं आणि ऊस तोडणारे तर नव्हतेच. कारखानदारांचं नुकसान कोटींत मांडलं गेलं. नवरा-बायको मिळून जो एक ‘कोयता’ धरला जातो, त्याची मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम आखडला तर कशी फिटणार, याचा उल्लेख मला तेव्हाच्या एकाही मोठ्या बातमीत सापडला नाही.

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. पाळीत काम बुडतं, काम बुडलं की दंड बसतो, म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बायकांवर शस्त्रक्रिया. तेव्हा हा साखरेचा प्रश्न होता. आता तो इंधनाचाही आहे. काँगोतल्या कोळवेझीच्या कोबाल्ट खाणीतल्या मुलाचा फोटो दाखवून इलेक्ट्रिक गाडीवाल्याला खजील करणाऱ्याच्या टाकीत बीडच्या कोयत्याचा वाटा आहे, आणि कोळवेझीपेक्षा बीड फार जवळ आहे.

आता दुसरी बाजू. देशातली वीज जवळपास तीन चतुर्थांश कोळशाची. ग्रीडवरच्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही शंभर किलोमीटरला बॅटरीतून तेरा युनिटं खाते असं धरलं, तरी चार्जिंगमधली आणि तारांतली गळती धरून वीजकेंद्रात सतरा युनिटं तयार करावी लागतात. म्हणजे किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो, लिटरला पंधराच्या मायलेजने किलोमीटरला १५३ ग्रॅम. फरक तीसेक ग्रॅमचा. तेल उपसणं, आणणं, शुद्ध करणं धरलं की पेट्रोलची बाजू आणखी जड होते. कोळसा खणण्या-वाहण्याचं ओझं त्यामानाने थोडं. तेव्हा फरक साठ ग्रॅमच्या आसपास जातो. तीस युनिटांची बॅटरी बनवताना दोन ते तीन टन वायू आधीच बाहेर पडलेला असतो. तो फिटायला कमी धरलं तरी तेहेतीस हजार किलोमीटर, जास्त धरलं तर पन्नास हजार. रोज पुणे-चाकण करणाऱ्याची ही फेड दोन-चार वर्षांत होते. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गाडी काढणाऱ्याची कदाचित कधीच होत नाही. टोलमाफी मात्र दोघांनाही सारखीच.

शिवाय सोसायटीच्या पार्किंगमधलं चार्जिंग रात्री चालतं, तेव्हा सौर वीज झोपलेली असते. ती रात्र चंद्रपूर आणि कोराडी भागवतात. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि शहराची हवा राज्यातल्या वाईट हवांमध्ये वर्षानुवर्षं गणली गेली आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला. पांढरट गाळ शेतांवरून, नाल्यांतून नदीकडे गेला. मुंबई-पुण्याची हवा स्वच्छ होते ती काही अंशी विदर्भाच्या खर्चाने. हिरव्या नंबरप्लेटच्या कौतुकात हे वाक्य सहसा येत नाही.

कोबाल्टचं काय? जगातला सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोतून येतो आणि त्यातला काही हिस्सा हाताने खणणाऱ्यांकडून, त्यांत मुलंही. २०१६च्या अहवालांपासून हे जगापुढे आहे. पण भारतात सर्वाधिक खपलेल्या इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटऱ्या लोह-फॉस्फेटच्या आहेत, त्यांत कोबाल्ट आणि निकेल नसतात. त्यांना लिथियम लागतं, ते ऑस्ट्रेलियातल्या खडकातून आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या खारट पाण्यातून येतं, आणि त्यावर प्रक्रिया बहुतांश चीनमध्ये होते. जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टनांचा साठा असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. लिलावाला पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि तो गुंडाळावा लागला.

आपल्याकडच्या बॅटऱ्यांचा जुना गुन्हेगार वेगळाच आहे. बंगळुरात २००१ मध्ये विकायला आलेली छोटी इलेक्ट्रिक मोटार शिशाच्या बॅटरीवर चालायची. आज देशभरातल्या ई-रिक्षा मोठ्या संख्येने त्याच जातीच्या बॅटऱ्यांवर धावतात, त्या वर्ष-दीड वर्षात मोडीत निघतात आणि भंगारवाल्यांच्या भट्ट्यांत वितळवल्या जातात. पेट्रोलमधून घालवलेलं शिसं असं मागच्या दाराने परतलं. लिथियमच्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. जानेवारी २०२० मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीवरची आठ वर्षांची हमी २०२८पासून संपायला लागेल. त्या नियमांची पहिली खरी परीक्षा तेव्हा होईल.