बारोलोला लोणी का लागतं?

काजूचं बोंड मीठ न लावता चावलं की तोंडाचं काय होतं ते आठवा. जीभ टाळ्याला घासते, घसा धरतो. बारोलो या इटालियन वाइनचा पहिला घोट तसाच असतो. पेल्यात मात्र ती अगदी साधीभोळी दिसते: विटेकडे झुकणारा फिका लाल रंग, पेल्यापलीकडचं बोट दिसेल इतका पातळ. वास गुलाबाचा आणि डांबराचा. डांबराचा, असं जाणकार कौतुकाने म्हणतात!

वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात, लांगेच्या टेकड्यांवर, नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून ती बनते. द्राक्ष पिकतं उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास, दऱ्यांत धुकं साचायला लागतं तेव्हा. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात. द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असावं. नियमानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. एवढी सबुरी कशासाठी, तर टॅनिन हे तुरट द्रव्य मवाळ व्हावं म्हणून.

टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. लाल रंग देणारी द्रव्यं वेगळी. नेब्बिओलोत ही रंगद्रव्यं कमी आणि नाजूक, टॅनिन मात्र भरपूर. म्हणून रंगावरून अंदाज बांधणारा पहिल्याच घोटाला फसतो.

आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिनं असतात. टॅनिन त्यांना धरतं आणि त्यांच्या गुठळ्या होतात. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की जीभ, गाल, हिरड्या एकमेकांवर खरखरत फिरू लागतात. आपण तुरट हा सहावा रस मानतो. आजचं शरीरशास्त्र मात्र त्याला प्रामुख्याने स्पर्श मानतं. मला दोन्ही पटतं, पण काजूचं बोंड खाताना दुसरं जास्त पटतं.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. चहाची पावडर दहा मिनिटं उकळा आणि कोराच प्या. तोंड आवळतं. आता त्याच कपात दोन चमचे दूध घाला. आवळणं बरंच उतरतं, कारण चहातली टॅनिनसारखी द्रव्यं आता दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतात आणि लाळेच्या वाट्याला कमी येतात.

लांगेचं ताट नेमकं हेच करतं. तिथे गोमांस बारोलोतच भिजवून, कांदा, गाजर, सेलेरीसोबत तासन् तास मंद आचेवर शिजवतात. ‘तायारिन’ या बारीक शेवयांच्या पिठात अंड्यांचे पिवळे बलक सढळ हाताने घालतात, वर लोणी आणि हंगामात आल्बा गावची पांढरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी. शिवाय कास्तेलमान्योसारखं मुरलेलं चीज. प्रथिनं टॅनिनला गुंतवतात, स्निग्ध पदार्थ जिभेला पुन्हा वंगण देतात.

चव आणि वासाचा अभ्यास करणाऱ्या, फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तुरट पेयाचे घोट लोकांना पुन्हा पुन्हा दिले, तेव्हा तुरटपणा घोटागणिक चढत गेला. मध्ये मध्ये चरबीयुक्त सुकं मांस दिलं, तेव्हा तो ताब्यात राहिला. म्हणूनच नुसती बारोलो पीत बसलं, तर तिसरा घोट पहिल्यापेक्षा कठीण जातो.

माशांशी मात्र तिचं जमत नाही. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी गाठ पडली की उग्र हिमूस वास आणतं. आणि तिखटाशी तर वैरच. मिरचीची आग ज्या ग्राहीमुळे (रिसेप्टरमुळे) जाणवते, त्याला अल्कोहोल आणखी हळवं करतं, आणि बारोलोत अल्कोहोल किमान १३ टक्के. तांबड्या रश्शासोबत ती घेतली तर जीभ पोळेल आणि वरून कोरडीही पडेल. त्या आगीवर कोल्हापूरकरांनी शेजारीच पांढरा रस्सा ठेवलाय. त्यातल्या नारळाच्या दुधाच्या स्निग्धात मिरचीचं तिखट विरघळतं.